अवधूतचे पाय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ट्रस्टच्या ज्येष्ठ विश्वस्त माननीय सुमतीताई नवलकर, ज्यांना निरोप द्यायला आपण दादरच्या या सभागृहात जमलो आहोत ते आपल्या मानसोपचार केंद्राचे प्रमुख आदरणीय डॉ. श्यामकांत विजयकर, उद्यापासून त्यांची जागा घेणाऱ्या डॉ. मनवा कर्णिक, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, केंद्रातल्या सिस्टर, मामा, मावश्या आणि माझ्यासारखेच केसपेपर हातात धरून बाकावर बसणारे सगळे पेशंट आणि नातेवाईक, सर्वांना माझा नमस्कार.

मी पद्मजा टिपणीस. फणसवाडीत राहते. विमा कंपनीत चौतीस वर्षं नोकरी केली, पण केंद्रात मला सगळे ओळखतात ते अवधूतची ताई म्हणून. अवधूत माझा धाकटा भाऊ. तो आज इथे आलेला आहे, डावीकडच्या रांगेत कडेला बसलाय. त्याच्याबद्दल मी जे बोलणार आहे ते त्याला विचारून बोलणार आहे.

आपले कार्यवाह विक्रांत यांनी मला फोन करून सांगितलं, "पद्मजाताई, नातेवाइकांच्या वतीने तीन मिनिटं बोला. कृतज्ञता व्यक्त करा." मी दोन पानं लिहिली. आज दुपारी ती अवधूतला वाचून दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, यात पायांचं कुठे आहे?"

मी म्हटलं, "अरे, निरोप समारंभात ते कसं बोलायचं?"

तो म्हणाला, "मग कधी बोलायचं?"

मी पानांची घडी घातली. ती दोन पानं पर्समध्येच राहिली आहेत. तीन मिनिटांत हे मावणार नाही, विक्रांत, आधीच सांगून ठेवते.

कृतज्ञता आधी, कारण ती खरी आहे. अवधूत ऑपेरा हाउसजवळ एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. हात असा, की पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. सत्ताविसाव्या वर्षी त्याला मोरीच्या पाइपातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. ती त्याला शिव्या द्यायची, त्याची टिंगल करायची. तो पाइपात कापडाचे बोळे कोंबायचा, पाणी तुंबायचं, खालच्या बिऱ्हाडात गळायचं आणि शेजारी भांडायला वर यायचे. स्किझोफ्रेनिया हा शब्द उच्चारायला आमच्या आईला एक वर्ष लागलं. गोळ्या सुरू झाल्या की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की गोळ्या बंद. नकाशे ठेवायच्या त्याच्या लांब नळीत मला एकदा मूठ मूठ गोळ्या सापडल्या. रोज सकाळी आमच्या घरात एकच भांडण. तोंड उघड, जीभ वर कर, दाखव. चाळिशीतल्या भावाला हे सांगताना मला काय वाटत असेल?

चार वर्षांपूर्वी तो मोरीत कडी लावून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारीही दार उघडेना. तेव्हा डॉक्टर विजयकर ओपीडी संपवून आमच्या चाळीत आले. तीन जिने चढून आले, मोरीच्या दाराबाहेर पाटावर बसले आणि दोन तास त्याच्याशी क्रिकेटवर बोलत राहिले. आजाराचा एक शब्द काढला नाही. अवधूतने स्वतः कडी काढली. सर, त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानते, आणि ते जन्मभर मानत राहीन.

त्यानंतर सर मला म्हणाले, "रोजची गोळी म्हणजे रोजचं भांडण. त्यापेक्षा अठ्ठावीस दिवसांनी एक इंजेक्शन देऊ. औषध स्नायूत राहतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं. लपवायला काही उरत नाही."

खरंच उरलं नाही. तीन महिन्यांत पाइपातली माणसं गप्प होत गेली. अवधूत आमच्याबरोबर जेवायला बसू लागला, आईला कोथिंबीर निवडून देऊ लागला, गॅलरीत कॅरम खेळू लागला. तेव्हा हे नीट ऐका. मी इंजेक्शनच्या विरुद्ध बोलायला उभी नाही. माझं बोलणं ऐकून इथल्या कोणी घरच्या माणसाचं औषध परस्पर बंद केलं, तर ते पाप माझ्या माथी मारू नका. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही.

मधूनमधून थोडे आवाज यायचे, म्हणून पाचव्या वेळी सरांनी डोस वाढवला. तेही योग्यच होतं. पण आठवडाभरात अवधूत चालायला लागला.

चालायला म्हणजे काय? आमच्या दोन खोल्या. चुलीच्या ओट्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत चौदा पावलं. जायचं, वळायचं, यायचं. सकाळपासून. ताट हातात घेऊन उभ्याने जेवायचा, तेही या पायावरून त्या पायावर डुलत. मी ओरडायचे, "एका जागी बस ना रे, डोकं फिरतं माझं." तो दोन मिनिटं बसायचा, मांड्या हातांनी दाबून धरायचा आणि पुन्हा उठायचा. मी विचारलं, "दुखतंय का?" नाही. "मुंग्या येतात?" नाही. मग म्हणाला, "बसलो की आतून कोणीतरी उठवतं गं."

आतून कोणीतरी उठवतं. हे वाक्य मी कसं ऐकलं असेल? इतकी वर्षं पाइपातली माणसं सोसलेल्या बाईने? मला वाटलं, ती परत आली. आता ती त्याच्या आत शिरली.

पुढच्या तारखेला मी सरांसमोर बसले. अवधूत खुर्चीमागे उभा राहून डुलत होता. सरांनी विचारलं, "कसा आहे?" मला विचारलं. मी सांगितलं, "याला आतून कोणीतरी हुकूम देतंय, सर. घरात सैरभैर फिरतो." बाहेर चाळीस माणसं होती. सरांनी मान वर करून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं की लक्षणं वाढली आहेत. डोस आणखी वाढवला. अवधूत म्हणाला, "सर, माझे पाय..." मी त्याच्या हाताला धरून त्याला बाहेर काढलं. मागे माणसं खोळंबली होती ना.

सर, तुम्ही मान खाली घातलीत. घालू नका. त्या खोलीत तुम्ही एकटे नव्हतात. ते वाक्य तुमच्यापर्यंत चुकीचं मी आणलं. पण एक प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. जो माणूस समोर उभा होता, बोलत होता, त्याला विचारायला किती वेळ लागला असता?

मग घर त्याला पुरेना. तो बाहेर पडायला लागला. चौपाटीपर्यंत, मग लालबाग, चिंचपोकळी. चपला झिजल्या, तळपायांना फोड आले, फोड फुटले, तरी चालायचा. मी दाराला बाहेरून कडी घातली. हो, घातली. आतून पावलांचा आवाज ऐकत मी गॅलरीत बसायचे. एकदा दाराच्या फटीतून म्हणाला, "ताई, हे औषध परत काढून घेता येतं का?" मी म्हटलं, नाही. गोळी असती तर उद्यापासून थांबवता आली असती. हे टोचलेलं आत राहणार, अठ्ठावीस दिवस आणि त्याच्याही पुढे. आपल्याला इंजेक्शन देताना हे कोणी सांगतं का? मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी मी दूध आणायला गेले आणि कडी घालायची राहिली. दुपारी मला एक फोन आला. वडाळ्याला मिठागरांच्या बाजूला दगडू नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. तो म्हणाला, "बाई, तुमचा माणूस इथे सकाळपासून या खांबापासून त्या खांबापर्यंत चालतोय. खिशात तुमचा नंबर सापडला. पाणी दिलं तर चालता चालताच प्यायला." मी टॅक्सीने पोहोचले. त्याच्या पायांत एकच चप्पल होती. मी त्याच्याबरोबर चालायला लागले, कारण उभं राहून बोलणं शक्यच नव्हतं. चालता चालता तो सांगायला लागला. सकाळी तो रेल्वेच्या पुलावर गेला होता. बराच वेळ खाली रुळांकडे बघत होता. मी विचारलं, "कोणी सांगितलं होतं का तुला? आवाज आला होता?"

तो माझ्यावर चिडला. म्हणाला, "आवाज नाहीत गं. कधीच गेले. मला मरायचंही नव्हतं. मला फक्त हे पाय थांबवायचे होते."

विक्रांत, तुमची चिठ्ठी मिळाली. अजून थोडं बोलायचंय.

दोन दिवसांनी, गुरुवारी, इंजेक्शनची तारीख होती. मी त्याला घेऊन गेले. आता मी सांगायला हवं होतं ना, सगळं? सांगितलं नाही. मला वाटलं मोठ्या माणसांना जास्त कळतं. सीमा सिस्टर आत ट्रे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बसा, अवधूत." तो बसू शकला नाही. त्यांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. मला बाजूला व्हायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "काय होतंय?"

त्याने सांगितलं. पाच मिनिटं तो सांगत होता, त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या. मग त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मी ऐकलं.

"सर, हे आजाराचं नाही. इंजेक्शनचं आहे. मी आज देणार नाही."

"सिस्टर, ऑर्डर लिहिलेली आहे."

"मग सर, तुम्ही एकदा येऊन बघा आणि तुम्हीच द्या."

सर उठून आले. अर्धा मिनिट त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, "ठीक आहे. आज राहू द्या." पायांसाठी एक लहान गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेवढंच. ते औषध अंगातून उतरायला सात आठवडे लागले. सात आठवडे आम्ही रोज चाललो, आता दार उघडं ठेवून, मी आणि तो. आठव्या आठवड्यात एका रविवारी तो पाटावर बसला आणि वालाचं बिरडं भाताबरोबर सबंध जेवला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे. आधी चहा टाक."

मग शेवट गोड झाला का? पूर्ण नाही. आज त्याला दुसरं इंजेक्शन आहे, कमी डोसचं. ते चालू ठेवायचं हे त्याने स्वतः ठरवलं, कारण पाइपातली माणसं त्याला नको आहेत. वजन चौदा किलोंनी वाढलंय. हाताला बारीक कंप आहे, नकाशे काढता येत नाहीत. ओठ सारखे हलतात. चाळीत कोणी म्हणतं, हा स्वतःशी बोलतो. तो बोलत नाही, तेही औषधाचंच आहे, आणि ते पूर्ण जाईल असं कोणी सांगत नाही. निदान आता आम्ही विचारलं की खरं सांगतात.

मी ट्रस्टला तीन पत्रं लिहिली. मागणी एवढीच होती की इंजेक्शन टोचण्याआधी पेशंटला, नातेवाइकाला नव्हे, पेशंटला, दोन गोष्टी विचारा. स्वस्थ बसवतं का? मागच्या वेळेपासून अंगात काय बदललं? तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं, की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. सुमतीताई, कुठे घेतली? मला ती जागा दाखवा. आणि सीमा सिस्टरची बदली फाइलींच्या खोलीत झाली. त्या आज व्यासपीठावर नाहीत, शेवटच्या रांगेत आहेत. ही बदली त्या दिवसामुळे झाली असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण ज्या बाईला पाय बघता येतात तिला तुम्ही कागद लावायला बसवलंत, याचा मला राग आहे, आणि हा राग घरी ठेवून येणं मला जमलं नाही.

सर, तुम्ही सव्वीस वर्षं इथे माणसं बरी केलीत. माझा भाऊ त्यातला एक आहे. त्या गुरुवारी तुम्ही केबिनमध्ये परत जाण्याआधी त्याला एवढं म्हणाला असतात, की अवधूत, माझ्या लक्षात यायला उशीर झाला, तर आज मी फक्त ती दोन पानं वाचून खाली बसले असते. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. हे मी मनापासून म्हणते.

निरोपाच्या दिवशी असं बोलायचं नसतं, हे मला कळतं. ज्यांना माझे शब्द लागले असतील त्यांनी मला क्षमा करावी. तुम्ही एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्यासाठी सर्वांची मी ऋणी आहे.

डॉक्टर मनवा, जाता जाता तुमच्यासाठी. उद्या अवधूतची तारीख आहे. साडेनऊला आम्ही येऊ. तो एकटा आत येईल. मी बाहेर बाकावर बसेन.