ग्रिम्सबीने खुर्च्या फिरवल्या तो रविवार

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि माझे पन्नास वर्षांचे स्नेही श्री. हॅरोल्ड स्पिंक, नगरपरिषदेच्या वतीने आवर्जून वेळ काढून आलेल्या माननीय श्रीमती कॉकरिल, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती बेरिल स्टेंटन, आणि गुडघे, कंबर, समुद्रावरचा वारा यांपैकी कशालाही न जुमानता हा जिना चढून आलेल्या विल्फ स्टेंटन चाहता मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातलं पहिलं मिनिट मी नुसता श्वास घेण्यात घालवलं, ते कृपया धरू नये. एकतीस वर्षं दर ऑक्टोबरला मी गोदी कामगारांच्या या क्लबात, याच दालनात उभा राहतो आहे, आणि दर वर्षी या जिन्याला एखादी पायरी वाढलेली असते. आज आपण मंडळाला निरोप देतो आहोत. कारण काही मोठं नाही. आपण चौदा जण उरलो, त्यातले चौघे गाडी चालवू शकतात, आणि संध्याकाळी पाचनंतर त्यातल्या दोघांना दिसत नाही. खरं सांगायचं तर मी थकलो आहे. तुमच्या चेहऱ्यांकडे बघून वाटतं, हे मी एकट्यापुरतं बोलत नाही.

विल्फ कोण होता हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण श्रीमती कॉकरिल वयाने लहान आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विल्फ आपल्या गोदीवर ट्रॉलरमधली मासळी उतरवायचा. सहा दिवस मासळी आणि रविवारी दुपारी ब्लूज. मिसिसिपीकाठच्या कष्टकरी काळ्या माणसांचं ते गाणं ग्रिम्सबीच्या एका हमालाच्या गळ्यात इतकं चपखल कसं बसलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. चौसष्ट साली त्याची एकच तबकडी निघाली. ती ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे, ते जवळजवळ सगळे या खोलीत बसले आहेत. त्याच्याकडे बघून गिटारवर बोटं कशी ठेवायची हे शिकून गेलेल्या पोरांची मोठमोठी घरं पुढे मासिकांत छापून आली. विल्फ सत्त्याऐंशी साली गेला तो फ्रीमन स्ट्रीटमागच्या दोन खोल्यांच्या घरात, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

त्यानंतर आपण हे मंडळ काढलं. मी चिटणीस झालो, कारण माझ्याकडे टाइपरायटर होता. आपल्या पत्रकाचे एकशे एकवीस अंक मी काढले. हॅरोल्ड नेहमी म्हणतो की मी एकच अंक एकशे एकवीस वेळा काढला. त्याचं अगदीच खोटं नाही. प्रत्येक अंकात एक वाक्य असायचंच: लंडनने विल्फला ओळखलं नाही. कधी अग्रलेखात, कधी श्रद्धांजलीत, एकदा तर सहलीच्या वेळापत्रकात. तुम्हीही ते वाक्य म्हणत आलात. रविवारी सँडविच खाताना, दवाखान्याच्या रांगेत, एकमेकांच्या अंत्यविधीला. राग धरायला माणसाला काहीतरी लागतं, आणि लंडन दूर असल्यामुळे ते सोयीचं होतं.

माझ्या उजव्या हाताला, टेबलावर, निळ्या कापडाखाली एक पितळी पाटी आहे. थोड्या वेळाने श्रीमती कॉकरिल ते कापड बाजूला करणार आहेत आणि सोमवारी ही पाटी खाली दारापाशी बसवली जाणार आहे. त्यावरचा मजकूर माझा आहे. ‘विल्फ स्टेंटन, ब्लूज गायक. लंडनने ज्याला ओळखलं नाही, त्याला ग्रिम्सबीने ओळखलं.’ हा मजकूर लिहिला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. चार जणांना फोन करून वाचून दाखवला.

मॅडम, माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. ते कापड आज काढू नका.

हॅरोल्ड, घड्याळ दाखवू नकोस. मला दिसतंय. आजचा दिवस मला बोलू दे, पुढच्या वर्षी तुला त्रास द्यायला मी उभा राहणार नाही.

एकाहत्तर सालचा मार्च महिना, दुसरा रविवार. जागा हीच, पण खाली, मागची खोली. दुपारची वेळ. आम्ही अठरा-वीस जण. त्यातले सात आज इथे आहेत, बाकीचे तुम्ही नंतर आलात, तुमचा यात काही दोष नाही. आमची तेव्हा एक पद्धत होती. कोणी ब्लूजच्या नावाखाली भलतंच काही गायला लागलं तर आम्ही ओरडायचो नाही, शिट्ट्या मारायचो नाही. गुपचूप उठून खुर्ची फिरवायची आणि गायकाकडे पाठ करून बसायचं. आम्हाला ती फार सभ्य पद्धत वाटायची. लिंकनहून आलेल्या एका बँजोवाल्याला आम्ही असं अर्ध्या तासात परतीच्या गाडीला लावलं होतं. त्याच्या वेळी विल्फसुद्धा हसला होता.

त्या रविवारी लंडनहून लॅटिमर नावाचा माणूस येणार होता. एका तबकडी कंपनीचा. विल्फ दाढी करून आला एवढंच आम्हाला दिसलं, एरवी तो रविवारची दाढी सोमवारवर ढकलायचा. लॅटिमर दाराजवळ बसला. पुढच्या रांगेत त्याची बायको बेरिल होती, तपकिरी कोट घालून. विल्फने दोन जुनी गाणी म्हटली. मग जरा खाकरून म्हणाला, “पोरांनो, एक नवीन आहे. माझं स्वतःचं आहे. सांभाळून घ्या.”

आणि तो गायला लागला. त्यात मिसिसिपीकडची आगगाडी नव्हती, कापसाचं रान नव्हतं, पूर आलेली नदी नव्हती. त्यात हॅडॉक मासा होता. आपली गोदी होती, पहाटेचा भोंगा होता, आणि हे सगळं आपल्या बोलीत, ग्रिम्सबीच्या. एरवी गाताना तो शब्द जरा तिकडच्यासारखे वळवायचा, आम्हाला तेच खरं वाटायचं. त्या दिवशी त्याने ते केलं नाही. बेरिल तेव्हा मासळी बर्फात भरायच्या कामावर होती. दुसऱ्या कडव्यात तिचं नाव आलं. बेरिलचे हात संध्याकाळी सातपर्यंत गरम होत नाहीत, अशी ती ओळ होती.

पुढची ओळ मला माहीत नाही. कारण मी उठलो आणि माझी खुर्ची फिरवली. फरशीवर तिचे पाय घासले आणि मग बाकीच्या खुर्च्यांचेही घासले. माझी पहिली. हॅरोल्ड, तुझी दुसरी. मान हलवू नकोस, तुझं कानातलं यंत्र चालू आहे.

आम्ही असं का केलं? मी सव्वीस वर्षांचा होतो आणि ब्लूज म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. ग्रिम्सबीत एकदाही न दिसलेल्या गोष्टी त्यात असाव्या लागतात, एवढं मला ठाऊक होतं. हॅडॉक मी रोज जेवायचो. जे आपल्या ताटात आहे त्याचं गाणं कसं होईल? विल्फचा अपमान करायचा नव्हता, मॅडम, देवाशपथ. आम्हाला वाटलं, लंडनचा माणूस आलाय म्हणून तो काहीतरी बाजारू करतोय, त्याला वेळीच सावरू. आम्ही त्याचे चाहते होतो, त्यामुळे तो आमचा हक्कच होता.

विल्फ मध्येच थांबला. जुनं एक गाणं सुरू केलं. आम्ही खुर्च्या परत सरळ केल्या आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. लॅटिमर दोनच्या गाडीने गेला. विल्फला पुन्हा कोणी कधी लंडनला बोलावलं नाही, असं मी आपल्या पत्रकात लिहीत आलो.

आता गेल्या महिन्याची गोष्ट सांगतो आणि बसतो.

या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी बेरिलकडे गेलो होतो. तिने चहा केला, मनुकांचा ब्रेड कापला. मी तिला पाटीचा मजकूर वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला सांगितला. मग उठली, सुया-दोरे ठेवायच्या खणातून एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, “मोठ्याने वाच. चष्मा आहे ना?”

पत्र लॅटिमरचं होतं. त्या रविवारनंतरच्या गुरुवारचं. त्याने लिहिलं होतं की लंडनला या, पूर्ण तबकडी काढू, आणि तिची सुरुवात त्या मासळीच्या गाण्याने करू. इतकी वर्षं ज्याच्यासाठी इंग्लंडभर हिंडलो ते गाणं मला त्या खोलीत अर्धंच ऐकायला मिळालं, असं त्यात होतं. अर्धंच का, ते त्याने लिहिलं नव्हतं. सभ्य माणूस असावा.

मी विचारलं, मग विल्फ गेला का नाही?

बेरिल म्हणाली, “त्याने लिहून कळवलं, माझ्याच गावात हे गाणं चालत नाही, तर तुमच्या गावात काय चालणार. मी त्याच्याशी महिनाभर भांडले. तो म्हणाला, हीच तेवढी माणसं दर रविवारी येतात गं. ही गेली तर मी कुणाला गाऊन दाखवू?”

मी विचारलं, पहिली खुर्ची कोणाची होती, हे त्याला कळलं होतं का?

“त्याला कशाला, मलाच दिसलं. मी मागे वळून पाहिलं ना. तूच होतास, ट्रेव्हर.”

आणि त्यानंतर सोळा वर्षं विल्फने मला दर रविवारी दारात विचारलं, काय ट्रेव्हर, आई बरी आहे ना? एकतीस वर्षं या बाईने मला चहा पाजला. मी तिच्यासमोर बसून लंडनला शिव्या दिल्या आणि तिने मला आणखी एक तुकडा ब्रेड वाढला. मी तिला म्हटलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “विल्फने सांगितलं होतं, बोलायचं नाही. आणि तुम्ही त्याचं नाव तरी घेत होता. दुसरं कोण घेत होतं? पण पितळेवर नको, ट्रेव्हर. कागद फाटतो, पितळ राहतं. आधी सगळ्यांसमोर खरं सांग, तर मी येते. नाहीतर सत्काराची ती शाल तूच पांघरून बस.”

ती आली आहे. म्हणून मी सांगितलं. लंडनने विल्फला एका दुपारीत ओळखलं होतं. त्याला ओळखलं नाही ते आपण. आपण त्याच्यावर आयुष्यभर प्रेम केलं, खरंच केलं, ते कोणी नाकारू शकत नाही. पण तो जसा आपल्याला हवा होता तेवढ्याच विल्फवर केलं, आणि बाकीचा विल्फ त्याने घरी ठेवला.

घरी म्हणजे अक्षरशः घरी. बेरिलने सांगितलं, दर रविवारी क्लबला निघण्याआधी तो स्वयंपाकघरात उभा राहून ते गाणं एकदा पूर्ण म्हणायचा. ती बटाटे सोलत असायची. गाणं संपलं की गिटार पेटीत ठेवायचा आणि म्हणायचा, “झालं माझं. आता जाऊन त्यांचं गातो.”

आपल्या मंडळाने विल्फच्या गाण्यांची यादी केली आहे, तारखांसकट, अडतीस गाणी. त्या यादीवरून आपण अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या एका प्राध्यापकाशी दोन वर्षं पत्रातून भांडलो. एकोणचाळिसावं गाणं कुठे ध्वनिमुद्रित नाही, कुठे लिहिलेलं नाही. ते फक्त बेरिलला येतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. आता तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं होतं. मी तिला म्हटलं, बेरिल, ऑक्टोबरला म्हणशील का? नुसतं बोलून दाखवलंस तरी चालेल. हॅरोल्डचा नातू ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन येईल.

तिने माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाली, “नाही. तुम्हाला दिलं होतं ना त्याने? तुम्ही घेतलं नाही. त्यानंतर सोळा वर्षं ते त्याने मला एकटीला म्हटलं. आता ते माझं आहे. माझ्याबरोबर जाऊ दे.”

तेव्हा मंडळींनो, चहाच्या वेळी तिच्याभोवती गोळा होऊन तिला कोणी आग्रह करू नका. तिच्याशी हवेबद्दल बोला, नातवंडांबद्दल बोला. तिला डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री आवडते, तिच्या ताटात मोठा तुकडा वाढा.

श्रीमती कॉकरिल, आपला वेळ वाया घालवला याबद्दल मी दिलगीर आहे. नवी पाटी मी माझ्या पैशांनी करून घेईन. तिच्यावर फक्त त्याचं नाव असेल, आणि स्पेलिंग मी दोनदा तपासेन. या क्लबच्या व्यवस्थापकांचे, चहाच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या भगिनींचे, आणि मला मध्येच खाली न बसवल्याबद्दल अध्यक्षांचे मी आभार मानतो. एकतीस वर्षं माझं तेच ते वाक्य ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात एखादं नाव राहिलं असेल, कोणाचा मान राखायचा चुकलो असेन, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सांभाळून घ्या. त्या रविवारचं मात्र सांभाळून घेऊ नका. ते सांभाळून घेणारा एक माणूस होता, आणि त्यापायी त्याने स्वतःचं गाणं घरी ठेवलं.

नमस्कार.