सावकाश होऊ द्या

—अहो सरका की जरा, टोपीवाले! बाक काय तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलंय? हां, असं. टाका, टाका पाखरांना पाव, माझ्याकडं नका बघू. माझं बोलणं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, म्हणून तर तुमच्याजवळ बसले. आपल्या माणसाला सांगितलं की गावभर होतं. तुम्हाला सांगितलं म्हणजे विहिरीत दगड — डुबुक, संपलं.

तो मनोरा दिसतोय ना? त्याच्यात माझी मोठी जाऊ चढतीय. गोल गोल जिना, नि बाईचे दोन्ही गुडघे गेलेले. मी एवढंच म्हटलं, "जाऊबाई, राहू द्या, तुम्हाला नाही झेपायचं" — की निघाली पदर खोचून! नको म्हणायचा अवकाश. सकाळपासून हेच चाललंय बघा. तो दगडी पूल दाखवला, घोड्यावरचा माणूस दाखवला, काचेच्या कपाटातली फुटकी मडकी दाखवली — मडकी बघायला तिकीट घेतात हो तुमच्यात, आमच्या माळ्यावर या, फुकट दाखवते! प्रत्येक ठिकाणी मी म्हणायची, "बसा की, घाई कुठंय? सावकाश होऊ द्या." आणि ती खूश. "एवढी अडाणी तू, पण गाव कसं छान दाखवतेस गं!" म्हणाली. दाखवणारच. अडाण्याला खोटं बोलता येत नाही, असा तिचा समज आहे.

गुरगुरतंय ते? माझं पोट नव्हे हो, पिशवीतला फोन. तिचाच. "इथं खिसेकापू फार, आणा इकडं," म्हटलं नि पार तळाला घातला, स्वेटरखाली. आवाज बंद करायचं बटण कुठं असतं तेवढं येतं मला. वाजू दे. तिचा जावई असेल. सकाळी ती अंघोळीला गेलेली नि हा फोनवर, "काकू, पहाटेच दवाखान्यात आणलं हिला, कळा सुरू झाल्यात, आईंना घेऊन लगेच या." या म्हणे. बाळंतपणालाच तर आलोय आम्ही दोघी, साता समुद्रापलीकडं — ती आई म्हणून, मी राबायला. मी म्हटलं, बरं. नि ती केस पुसत बाहेर आली तर सांगितलं, "पोरीला तपासायला नेलंय, संध्याकाळ होईल. तुम्ही गाव बघून या म्हणालेत."

काय झालं, पाव का थांबला? कळलं की काय तुम्हाला? छे, तुम्हाला कुठलं कळतंय.

ऐका मग. मी नवी नवरी. घरात पाहुणे जेवायला, मोठी पंगत, मी चुलीपुढं. माझा भाऊ सायकल मारत दारात आला — आई जातीय, हिला आत्ताच्या आत्ता पाठवा. दारात कोण भेटलं? ही. "पाठवते" म्हणाली नि लावून दिलं त्याला परत. मग आत आली, माझ्या हातातलं भांडं घेतलं नि वाढायला लागली, हसत — "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या." मी आपली आतून करून देतेय, तीही सावकाश. पाहुणे गेले, खरकटं निघालं, मग हात पुसत म्हणते, "अगं, तुझा भाऊ येऊन गेला बरं का." मी पोचले तेव्हा अंगणात नुसती राख होती, शेकोटीची, उठून गेलेल्या माणसांची. आईचं शेवटचं तोंड नाही दिसलं मला. ते हिनं घेतलं. मग नातवाचं पहिलं तोंड मी घेतलं तर कुठं बिघडलं? सांगा. फिटंफाट!

परत गुरगुरलं. करून करून थकेल मेला. पोरगी काय, एकटी थोडीच आहे, नवरा आहे, नर्सा आहेत. आता सकाळी तो म्हणाला खरा की "ही सारखी काकू काकू करतेय" — म्हणणारच. जावेनं जन्म दिला नि गेली परत नोकरीवर, पोर माझ्या कुशीत वाढली. दात आला तो माझं बोट चावून. अंधाराला भ्यायची, तर माझा पदर मुठीत धरून झोपायची... ते सोडा. तो दवाखाना बघा, पुलापलीकडं, पांढरा, वर हिरवी पाटी. काल जावयानं दाखवून ठेवला. पूल, घोडा, मडकी — सगळं त्याच्या भोवतीनंच फिरवलं मी तिला. दिवसभर नजरेआड नाही होऊ दिला. का म्हणजे? असंच. रस्ता चुकू नये म्हणून.

थांबलं की हो गुरगुरायचं.

आता का थांबलं? मघापासून दर घटकेला वाजत होतं. ऐका बरं — तुमचे कान धड आहेत ना? काही नाही. अहो, बायका काय, बाळंत होतातच, रोज होतात... धरा, हा स्वेटर धरा. हा रुमाल. कुठं गेला मेला — हां. हिरवं दाबायचं ना? हॅलो? हॅलो, जावईबापू? अगं बाई, तूच? रडू नको. काकूच बोलतेय. अजून नाही? नाही ना? बरं. मूठ आवळ, मी आहे समज. आई? आहे की, ती... ती उंचावर आहे जरा. आले. हे बघ, पूल ओलांडला की आलेच.

द्या तो स्वेटर. काय बघताय मनोऱ्याकडं? तिची वाट बघत बसू? तिला उतरायला तास लागेल, गुडघे गेलेत. पोर माझी आहे, मी चालले. जांभळ्या साडीतली, घामाघूम, कपाळाला आठ्या — ती उतरली की माझ्या जागेवर बसवा. फोन नाही तिच्याकडं, वाट माहीत नाही, ओरडेल, ओरडू दे. दवाखाना बोटानं दाखवा, पण आधी एक सांगायचं. म्हणा माझ्यामागं, सा-व-का-श. अहं, जीभ टाळूला नाही. सावकाश. हां! होऊ द्या.

अस्संच म्हणा. आणि हसून म्हणा.