तांतीच्या छातीतला गॅस

गॅस! म्हणजे ऐका तुम्ही... बाई जमिनीवर आडवी, ओठ पांढरेफटक, कपाळावर घामाचे थेंब, हातातली पळी अजून हातातच, आणि म्हणते काय, तर "काही नाही गं, गॅस आहे!" तुम्हाला सांगते, आमच्या बेटावरच्या ग्वाव्ह गावातला माणूस समुद्रात बुडत असला ना, तरी पाण्यातून तोंड वर काढून म्हणेल, डॉक्टर नको, गॅस आहे, जरा आल्याचा चहा द्या!

ही बाई म्हणजे आमची तांती यूलिन. माझ्या आजीची बहीण, पण अख्खी गल्लीच तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणते. मी आणि मम्मी तिच्याच घरात राहतो. मी फारशी बोलत नाही हं, आत्ता बोलतेय तेवढंच. वर्गात हजेरीला टीचर दोनदा विचारतात, "केझाया आली नाही का?" आलेय हो, समोर बसलेय, पण आवाज बाहेर येईपर्यंत त्या पुढच्या नावावर गेलेल्या असतात! मात्र न बोलणाऱ्याला दिसतं फार.

तर तांती आडवी झाली ती रेडिओमुळे. दुपारी आमच्याकडे रेडिओवर मयतांची नावं सांगतात. आधी तो रडका ऑर्गन वाजतो, आणि तो वाजला की घास तोंडात असला तरी चावायचा नाही. मग जाड आवाजाचा निवेदक... कोण गेलं, मागे कोण राहिलं, मुलं, सुना, न्यूयॉर्कची भाची, आणि शेवटी मित्रमंडळी. त्या मित्रमंडळींत आपलं नाव आलं नाही, तर इथले लोक दफनाला जातात, पण जेवत नाहीत!

त्या दिवशी नाव होतं मिस अल्बर्टिनाचं. इथे मोठ्या बायकांना, नातवंडं असली तरी, मिसच म्हणतात. समोरच्या घरातल्या. तांतीच्या शत्रू! भांडण कशावरून? ऑइल डाउनवरून. नीरफणस, खारवलेलं मांस, हळद, नारळाचं दूध, सगळं एका मोठ्या भांड्यात थरांवर थर लावून शिजवायचं, आणि ते एकट्यानं करतच नाहीत, गल्लीनं मिळून करायचं. तर एकदा दोघींनी मिळून केलं, फादर जेवायला आले, आणि फादरांनी पहिल्याच घासाला पाण्याचा जग मागितला. खारट! मांस भिजवून मीठ काढायचं राहिलं होतं. कुणाचं काम होतं? ही म्हणे तिचं, ती म्हणे हिचं... झालं, अबोला! माझा जन्मसुद्धा झाला नव्हता हो तेव्हा.

पण मी काय बघितलंय सांगू? रोज सकाळी तांती पहिला प्रश्न मला विचारणार, "बघ गं पोरी, त्या बाईनं खिडकी उघडली का?" उघडली म्हटलं की हिचा श्वास सुटायचा, आणि मग म्हणायची, "हं! तर आपली बंद कर. तिचं तोंड नको बघायला." आता मला सांगा, तोंड बघायचं नाही तर खिडकीची चौकशी कशाला?

त्या दुपारी मात्र तिनं रेडिओ मोठ्ठा केला. "ऐकूया तरी, किती मैत्रिणी निघतात बयेच्या! मला काय त्याचं!" मुलांची नावं झाली, सुनांची झाली, नातवंडांची झाली, आणि शेवटी तो जाड आवाज म्हणाला, "...आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण यूलिन, समोरच्या घरातली."

धाड्!

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण एकदम तरुण, मऊ आवाजाची. म्हणाली, "आजी, रक्तवाहिन्या अगदी साफ आहेत. पण फार मोठा धक्का बसला ना, की कधी कधी हृदयाचा खालचा भाग ढिला पडतो, फुगतो. तुमचं हृदय बघा, कसं मडक्यासारखं दिसतंय, गळा बारीक, तळ फुगलेला. औषध देऊ, आराम करा, बहुतेक वेळा येतं जागेवर. पण झालं काय? कुणी गेलं का घरातलं?"

"कोणी नाही."

"जवळचं कुणी?"

"म्हटलं ना, कोणी नाही! आणि फुगलंय तर गॅसनंच फुगलं असणार. त्याला कॉलेज कशाला लागतं?"

मी पलंगाच्या पायाशी उभी. मी हळूच म्हटलं, "मिस अल्बर्टिना गेल्या." डॉक्टरीणबाईंना ऐकू गेलं हो! त्यांनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, "रडल्या का या?" मी मान हलवली, नाही. त्या म्हणाल्या, "हं."

एवढंच. हं. पण तो हं माझ्या डोक्यातून काही जाईना.

घरी आणलं आणि मम्मी झाली जनरल! तांतीला ताण द्यायचा नाही. रेडिओ कपाटात. बातम्या बंद. पत्ते बंद, हरली तर? गल्लीतला अंकल कथबर्ट हसवायला आला तर त्याला दारातच, "हसवू नकोस, हृदय आहे!" कोंबडा शेजाऱ्यांकडे. घर इतकं शांत, इतकं शांत की तांती म्हणाली, "अगं, मी मेले का? मेले असेन तर सांगा, नवी टोपी तरी घालते." आणि शेजारीण सूप घेऊन आली, मायेनं पांघरूण नीट केलं, आणि म्हणते कशी, "तुला शनिवारच्या दफनाबद्दल काही सांगायचं नाहीये बरं का!"

तांती भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी मला हाक नाही. खिडकीचा प्रश्नच नाही... तुम्हाला सांगते, तेव्हा मला भीती वाटली. आडवी पडली होती तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती.

शनिवारी तांती उठली. जांभळी टोपी, पांढरे हातमोजे, चर्चचे बूट. "कुठे निघालीस?" मम्मी किंचाळली. "कुठे म्हणजे? व्हरांड्यात! हवा खायला. गॅस आहे ना!" हातमोजे घालून हवा!

तेवढ्यात शवगाडी आली. हळू, मागे सगळी गल्ली चालत. मम्मी तिचा दंड धरून ओढतेय, "आत चल, काही झालं तर?" तांती माझ्याकडे बघतेय. आणि काय झालं कोण जाणे, मी ओरडले, "मम्मी, राहू दे तिला!" अहो, सगळी गल्ली वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "अरे, हिला आवाज आहे?"

गाडी बरोबर आमच्या फाटकासमोर थांबली. मिस अल्बर्टिनाचा मुलगा लेनॉक्स उतरला, टोपी छातीशी धरून. "तांती, आईनं सांगून ठेवलं होतं, इथे थांबायचं. आणि म्हणाली, यूलिनला सांग, मांस भिजवायचं माझंच राहिलं होतं."

तांती कठड्याला धरून उभी राहिली. मग त्या गाडीकडे बोट करून अशी ओरडली, "खोटारडे! माझं राहिलं होतं! मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि आता मरून मोठेपणा घेतेस? ऊठ! ऊठ आणि भांड माझ्याशी!"

...आणि मग रडली. कशी रडली! माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळी माणसं उन्हात ताटकळत असताना. पाद्री थांबले, गाडी थांबली, मम्मीसुद्धा पायरीवर बसून रडायला लागली. माझा ब्लाउज ओलाचिंब, टोपीतली पिन माझ्या कानाला टोचतेय, पण मी हलले नाही.

पुढे तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई पडद्यावर बघतायत, हसतायत. "अरे वा! आकार अगदी जागेवर आलाय. औषधं वेळेवर घेतलीत, छान. आणखी काही विशेष झालं का मधे?"

"काही नाही," तांती हातमोजे सारखे करत म्हणाली. "शनिवारी एक ढेकर आली. मी पहिल्यापासून सांगत होते, गॅस आहे म्हणून. विचारा हिला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. तांतीनंही बघितलं, आणि टेबलाखालून माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार?

"हो डॉक्टर," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं. "फार मोठी होती."