भोंग्यासाठी एक मिनिट शांतता

...नाही, मला एक सांगा, शांतता? भोंग्यासाठी शांतता? अहो, ज्या माणसानं उभ्या जन्मात सलग एक मिनिट तोंड मिटलं नाही, त्याच्यासाठी आठ हजार लोकांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं! ही कुणाची अक्कल? क्लबच्या सेक्रेटरीची! मी म्हटलं, साहेब, त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर सगळ्यांना एक मिनिट एकदम बडबडायला सांगा, असेल तिथं त्याला बरं वाटेल. तर सेक्रेटरी म्हणतो कसा, सगळं नाकातून, जसं काही तोंड फक्त जेवायलाच दिलंय, "पद्धत आहे ती. आणि घोषणा तुम्ही करायची." मी! मी करायची!

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूसच नाही. हसू नका! इथं तुमच्यापुढं बोलतोय ते वेगळं, माइक पुढं आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आमच्या फुटबॉलच्या मैदानावर बोलायचं काम भोंग्याचं, तीस वर्षं. कोण खेळतंय, कोण बाहेर बसलंय, गोल कुणी मारला, छत्री कुणाची सापडली, सगळं हाच सांगणार. आणि माझं काम त्याच्या शेजारी बसून माइकचा खटका दाबायचं. त्यानं बोट वर केलं की मी खटका खाली, माइक चालू. बोट खाली आलं की खटका वर, माइक बंद. बास. म्हणून तो भोंगा आणि मी खटका. आमची खरी नावं आमच्या बायकासुद्धा विसरल्यात.

आता गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... मी कुठे वाईट बोलतोय? झालं ते सांगतोय! शिस्त नावाची गोष्ट नव्हती हो त्याच्याकडे. सरळ घोषणा करायची ना? "दोन नंबर गेटजवळच्या निळ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत." संपलं! पण नाही. हा पुढं जोडणार, "आपल्या संघाचे मात्र सकाळपासून बंद आहेत." पाहुण्यांनी गोल मारला की अख्खं मैदान चिडीचूप, आणि याचा आवाज, अगदी शोकसभेतला, "पाहुण्यांचा गोल झालेला आहे. ज्यांनी पाहिला नाही, ते सुखी आहेत." आमचा आठ नंबरचा, पळताना स्वतःच्याच पायात पाय घालणारा, त्याला बदललं की, "आठ नंबर बाहेर जात आहे..." मग थांबणार, श्वास घेणार, "...अखेर!" एकदा एक चार वर्षांचं पोरगं हरवलं, बापाचं नाव विचारलं तर म्हणतं 'बाबा'. भोंग्यानं तसंच्या तसं माइकवर सांगितलं, "बाबा, तुम्ही जिथं असाल तिथून या." साठ-सत्तर बाबा केबिनच्या जिन्यावर! घरी पोरं ठेवून आलेलेसुद्धा आले! उगाच, खात्री करायला!

आणि लोक? लोक त्याच्यावर जीव टाकायचे. खेळ बघायला कोण येत होतं हो? आमचा खेळ पैसे देऊन बघण्यासारखा होता कधी? लोक भोंगा ऐकायला यायचे.

तर असा माणूस, आणि दोन वर्षांपूर्वी, तुम्हाला सांगतो, दोन वर्षांपूर्वी हा माझ्याशी बोलायचा बंद झाला. बंद म्हणजे बंद! घराकडे जाताना बोलायचा, चहाला बोलायचा, पण केबिनमध्ये शिरला की ओठांवर बोट. आधी घोषणा नसली की आमच्या गप्पा चालायच्या, सेक्रेटरीच्या नाकापासून जगाच्या राजकारणापर्यंत. आणि आता मी तोंड उघडलं की याचा हात माझ्या तोंडावर! काही म्हणायचं असलं की कागदावर लिहून दाखवणार, "हळू." मी म्हटलं, झालं, प्रसिद्धी चढली डोक्यात. एकदा मला शिंक आली तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्याचा वंश बुडवलाय! आणि लगेच माइकवर, "मंडळी, थंडी वाढली आहे, काळजी घ्या." बाहेर लोक खो-खो हसतायत. माझ्या शिंकेचं यांना कसं कळलं, याचा मी विचारच केला नाही. रागात होतो ना!

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी कुठे बोलतोय? पण तो राग मी गिळला, का माहितीय? कारण त्याच सुमाराला तो मला चहाच्या टपरीमागं घेऊन गेला, दंड धरला आणि म्हणाला, "खटक्या, माझी नजर गेली रे. जर्सीवरचे नंबर दिसत नाहीत. तू माझ्या कानात सांगत जा. आणि कुणाला बोलू नकोस, सेक्रेटरीला कळलं तर खुर्ची जाईल. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगायचं नाही."

आता सांगा, काय करणार? मित्र आहे. मी शपथ घेतली. दोन वर्षं मी, हा मी, त्याचे डोळे झालो! गोल झाला की कानात पुटपुटायचो, "सात." आणि हा माइकवर म्हणणार, "सतरा नंबरचा गोल!" मी मनात म्हणायचो, डोळे तर गेलेच, आता कानही गेले. पण चारचौघांत त्याची लाज जाऊ दिली नाही. एकदाच घोटाळा झाला. मला घाईची लागली, मी खाली गेलो, आणि तेवढ्यात आमचा गोल! भोंग्यानं तो कुणाच्या नावावर दिला? राखीव गोलकीपरच्या! बाकड्यावर बसून शेंगा खात होता तो! सेक्रेटरी तेव्हा नेमका केबिनमध्ये उभा. मी पायऱ्यांवर, पँट सावरत, मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं. पण लोकांना वाटलं भोंग्याची गंमत. वाचलो. तेव्हापासून मी सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं सोडलं. माझ्या मूत्रपिंडावर त्या माणसाची अब्रू उभी होती, तुम्हाला सांगतो!

आणि मग एका मंगळवारी हा गेला. घरी, खुर्चीत, वहिनींना काहीतरी सांगता सांगता. वाक्यसुद्धा पुरं केलं नाही.

तर रविवार. सामना सुरू व्हायच्या आधी मी केबिनमध्ये एकटा. शेजारी त्याची खुर्ची, तिच्यावर त्याची ती दबलेली उशी. खाली दोन्ही संघ रांगेत, वहिनी पहिल्या रांगेत. सेक्रेटरीनं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आमचा दोन नंबर गेटवाला वर आला. हा तिकिटं फाडणारा, साठीला टेकलेला, चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की त्याचे डोळे आपल्याला मोठे दिसतात पण त्याला आपण दिसत नाही. चिठ्ठी देऊन रडत खाली गेला. मी खटका खाली केला. चिठ्ठी वाचली. कशी वाचली, माझं मला माहीत. "...एक मिनिट शांत उभे राहावे." आणि खटका वर केला. नीट केला! टक् असा आवाज मी स्वतः ऐकला!

आता आत मी, बाहेर सगळं शांत. डोळे मिटले. आणि काय झालं कोण जाणे, माझं तोंडच सुटलं. त्या खुर्चीकडे तोंड करून म्हटलं, "काय रे भोंग्या, झालं समाधान? आठ हजार माणसं उभी केलीस. दोन वर्षं माझ्याशी या केबिनमध्ये एक शब्द बोलला नाहीस, आता बोल की! डोळे गेले तरी खुर्ची सोडली नाहीस. मी कानात नंबर सांगायचो म्हणून निभावलं तुझं! आंधळा तो आंधळा, आणि वर ऐट किती! तुझ्यापायी घोटभर पाणी प्यायलो नाही, आणि तू जाताना एक शब्द सांगितला नाहीस. गेलास तो गेलास, पण मला करमत नाही रे. घरी कुणाला सांगायची सोय नाही. अजिबात करमत नाही."

आणि डोळे उघडले... तर आठ हजार माना वर केबिनकडे!

माइक चालू! माझा शब्द न् शब्द, रडणं, नाक ओढणं, 'आंधळा तो आंधळा', सगळं मैदानभर! जे मरेपर्यंत जपायचं ते मी त्याच्याच श्रद्धांजलीत, त्याच्याच माइकवरून, त्याच्याच बायकोसमोर बोंबलून सांगितलं! मी खटका दाबतोय, वर, खाली, वर, खाली... रेफरी शिट्टी तोंडात धरून पुतळा झालेला. आणि मग कुणीतरी एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग असा कडकडाट, की केबिनच्या काचा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता हे मला मारायला वर येतायत.

वर आला सेक्रेटरी. आल्या आल्या त्यानं माइकच्या मशीनची वायर उपटली आणि नाकातून ओरडला, "तो खटका काय बडवताय? दोन वर्षांपासून तो कशालाच जोडलेला नाही!"

कशालाच... म्हणजे? तर म्हणे, दोन वर्षांपूर्वी आलेलं ते नवं मशीन आपोआप चालतं. समोर कुणी जरा मोठ्यानं बोललं की माइक आपणहून चालू, गप्प बसलं की बंद. तुम्ही म्हणाल, तुला कळलं कसं नाही? कसं कळणार हो! मी खटका दाबायचो, तो बोलायचा, आवाज यायचा! मी दाबला म्हणूनच आला, दुसरं काय वाटणार माणसाला? दोन वर्षं मी लाकडाच्या खोक्याला गुदगुल्या करत होतो!

तोवर वहिनी आल्या, अठ्ठावीस लोखंडी पायऱ्या चढून, धापा टाकत, पदरानं डोळे पुसत, आणि हसत. म्हणाल्या, "भाऊजी, कुणाचे डोळे गेले होते? गेल्या सोमवारी सुईत दोरा ओवून दिला त्यांनी मला. पहिल्या फटक्यात."

 मी त्या उशीवरच बसलो.

वहिनी म्हणाल्या, "मशीन आलं तेव्हा साहेब म्हणाले, आता खटक्याचं काय काम? हे घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, माझी नजर गेली, नंबर सांगायला शेजारी माणूस लागेल, तो नसेल तर मीही नाही. आणि तो जुना खटका तसाच राहू द्या, नाहीतर त्याला कळेल." सेक्रेटरी आ वासून बघतोय. "म्हणजे... त्यांना दिसत होतं? मग तो राखीव गोलकीपरचा गोल?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही केबिनमध्ये उभे होतात ना साहेब? तुम्हाला पटायला नको?"

बघा! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण याला काय म्हणायचं? माझी नोकरी राहावी म्हणून हा आंधळा झाला, मला कळू नये म्हणून मुका झाला, मी 'सात' म्हणायचो तिथं सतरा होते म्हणून सतरा म्हणाला, आणि मी त्याला बहिरा ठरवला! आणि माफी मागायला जागा ठेवली नाही मेल्यानं. मी वहिनींना म्हटलं, आता लोकांना खरं सांगतो, त्याला दिसत होतं म्हणून. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. डोळ्यांनी दिसत नसताना दोन वर्षं गोल सांगितले, असं लोक म्हणतायत. त्यांना ते फार आवडलं असतं." म्हणून तुम्हालाच सांगतोय. बाहेर बोलू नका.

तर त्या खुर्चीत आता मी बसतो. माझ्या रडण्यावर पब्लिक खूश, सेक्रेटरीचा नाइलाज. भोंग्यासारखं येत नाही, पण चालवून घेतात. आणि गेल्या महिन्यात गेटवर तिकीट तपासायचं यंत्र आलं. आमचा दोन नंबर गेटवाला दिवसभर त्या यंत्राशेजारी हात बांधून उभा, यंत्र पीप करतं आणि हा प्रत्येक वेळी दचकतो. साठीच्या माणसाला कोण कुठं ठेवणार? मी अर्ज लिहिला. 'माझी नजर कमी झाली असल्यामुळे शेजारी नंबर सांगायला अनुभवी माणूस हवा.' सेक्रेटरीनं वाचला, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, नाक शिंकरलं आणि लिहिलं, 'मंजूर'.

आता तो माझ्या शेजारी असतो. खटका त्यालाच दिलाय, फार मन लावून दाबतो. केबिनमध्ये मी त्याच्याशी बोलत नाही म्हणून त्यानं चारही गेटांवर माझी बदनामी केलीय, 'खटक्याला शिष्टपणा आलाय.' परवा आमचे तीन गोल झाले. तीनही नंबर त्यानं चुकीचे सांगितले. एक गोल तर रेफरीच्या नावावर दिला! मला समोर अगदी लख्ख दिसतंय, नऊ, नऊ आणि अकरा, पण मान डोलावली, म्हटलं हो रे बाबा, बरं झालं सांगितलंस. काय करणार? मला दिसत नाही ना!