निरंक

...आणि वर मलाच म्हणतात, रागावू नका! हृदयाला बरं नाही म्हणे रागावणं! अहो, पण कुणाच्या हृदयाला? माझ्या? माझं हृदय ठणठणीत आहे! तीन महिने तपासून, दोनदा आलेख काढून, एकदा पट्ट्यावर पळवून, अंगाला यंत्र बांधून अख्खा दिवस गावभर फिरवून त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलंय, सहीशिक्क्यानिशी! बिघडलं होतं ते आमच्या हिचं. आणि ही कुठं होती ते तीन महिने? माझ्या शेजारच्या खुर्चीवर! माझीच फाइल मांडीवर घेऊन! हातभर अंतरावर बाई बसलीय, तिचं हृदय चाललंय बंद पडायला, आणि तो अख्खा हृदयविभाग रांगेत उभा राहून माझी नाडी बघतोय! जाऊ द्या... नाही, जाऊ कसं द्यायचं? ऐकाच तुम्ही.

तर हे सुरू झालं आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली. एका रविवारी सकाळी बघतो तर सायकली बाजूला सारून टेबल मांडलेलं, वर कापडी फलक, 'हृदय तुमचं, काळजी आमची'. मी तिथंच ओळखायला हवं होतं! तुम्हाला सांगतो, 'आपली सेवा हेच आमचं ध्येय' अशा पाटीखाली मी चौतीस वर्षं बसलोय. पाटी असते तिथं सेवा नसते, पाटी सेवेच्या बदल्यात असते. पण टेबलामागं एक गोड मुलगी होती, हातात ती पाटीसारखी स्क्रीन, म्हणाली, "काका, संशोधन आहे. साठीच्या वरच्या सगळ्यांची हृदयं आम्ही पाच वर्षं बघणार."

म्हटलं, "आणि मधेच एखादं बंद पडलं तर?"

"तरी नोंद होते, काका!"

नोंद होते! इतक्या वर्षांत असं आश्वासक वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. विरघळलो. दोन फॉर्म घेतले, एक माझा, एक हिचा, आठ-आठ पानी. छातीत दुखतं का, कधी दुखतं, कुठवर दुखतं, जिना चढताना धाप लागते का, झोप लागते का, राग येतो का... माझ्या फॉर्ममध्ये रागापुढं मी लिहिलं, 'कारणपरत्वे'. बाकी तक्रारींना जागा पुरेना म्हणून पुरवणी कागद जोडला, त्यालाही पान क्रमांक दिले. ही आत भांडी लावत होती. एका बैठकीत दोन्ही फॉर्म काळ्या शाईत, एक खाडाखोड नाही, खाली जाऊन दिले. ती मुलगी म्हणाली, "काका, काय अक्षर आहे हो! असं आता बघायला मिळत नाही." आता इतकं म्हटल्यावर माणूस पाच वर्षं काय, दहा वर्षं हृदय दाखवील!

आठ दिवसांत फोन. "काका, तुमच्या लक्षणांची आम्ही गंभीर दखल घेतलीय." गेलो. त्यांच्या इस्पितळात, सोबत ही, फाइल धरायला. आता मला सांगा, हृदयाचा विभाग कितव्या मजल्यावर असावा? तिसऱ्या! आणि तळमजल्यावर काय? त्वचारोग! खरजेला जिना चढता येत नाही का हो? लिफ्ट होती, पण तिच्यावर चिठ्ठी, 'फक्त स्ट्रेचरसाठी'. म्हणजे झटका येऊन गेल्यावर लिफ्ट, आणि यायच्या आधी जिना! मी पहाऱ्यावरच्या माणसाला म्हटलं, "अरे, ही योजना कुणाची?" तर तो म्हणतो, "बाबा, रागावू नका, हृदयाला बरं नाही." तिथपासून सुरुवात झाली बघा. तिथला पहारेकरीसुद्धा हृदयतज्ज्ञ!

बरं, आम्ही चढतोय, तर पहिल्या वळणावर ही थांबली. "तुम्ही व्हा पुढं, मी जरा चपलेचा पट्टा बघते." दुसऱ्या वळणावर, "व्हा पुढं, पट्टा बघते." मी वर पोचलो, नाव पुकारलं गेलं, फाइल कुठाय? फाइल चपलेपाशी! नंबर गेला. मागून येणारे चार जण पुढं गेले. चिडलो की नाही मी? चिडणारच! परत येताना तिथल्या तिथं नवी चप्पल घेतली. पुढच्या खेपेला तेच. वळण आलं की पट्टा! म्हटलं, हा पट्टा आहे की खातेनिहाय चौकशी, संपतच नाही? तेव्हा वैतागून दुकानदाराला सांगितलं, "बाबा रे, पट्टाच नसलेलं काही दे." त्यानं बुटासारखं बंद काहीतरी दिलं, नुसता पाय सरकवायचा. म्हटलं, आता बघू काय करतेस!

आणि वर माझी काय थाटाची तपासणी! अंगाला तारा लावून चालत्या पट्ट्यावर उभा केला. तो तारा लावणारा म्हणतो, "आजोबा, काही त्रास वाटला की लगेच सांगा." म्हटलं, "वाटतोय की. फाटकापासून वाटतोय." मी वर पट्ट्यावर पळतोय, ही खाली पट्टा बघतेय... हसू नका. मीही तेव्हा हसलोच होतो.

मग डॉक्टरीणबाई. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण बोलणं कसं, गादीवर ठेवल्यासारखं. "काकाऽ, तुमचं हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे. अगदी नॉर्मल. फक्त रागावू नका." नॉर्मल! चौतीस वर्षांत कचेरीत मला कुणी नॉर्मल म्हटलं नाही आणि ही बाई तोंडावर म्हणते! मी म्हटलं, "पुरवणी नीट वाचलीत का? मुद्दा सात?" ही शेजारी बसलेली, भिंतीला डोकं टेकून, चेहरा उतरलेला. मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "हिला कंटाळा फार, बाहेर पडायचंच नसतं." हिनं फाइल दुसऱ्या मांडीवर घेतली.

तिसरी खेप. जिना. दुसरं वळण. "तुम्ही व्हा पुढं, मी जरा पट्टा..." मी झालो पुढं! अहो, माझा नंबर होता! चार पायऱ्या चढलो असेन, तर खालून आवाज आला, "ओ बाबा! ओ फाइलवाल्या बाईंचे बाबा! थांबा!" बघतो तर जिना पुसणारी मावशी, हातात ओलं फडकं, कमरेवर हात. म्हणाली, "या बाई मघापासून चपलेचा पट्टा बघताहेत. पण या चपलेला पट्टा आहे कुठं?"

तुम्हाला सांगतो... मी त्या चपलेकडं बघितलं. मीच आणली होती. आणि मग हिच्याकडं बघितलं. वरच्या ओठावर घाम, कठडा घट्ट धरलेला, आणि दुसरा हात पायाशी नाही, जबड्याखाली. म्हणते, "काही नाही हो, तुमचा नंबर जाईल."

मावशीनं फडकं टाकलं, हिला पायरीवर बसवलं आणि अशी ओरडली की तिन्ही मजले वाकले. स्ट्रेचर आलं. लिफ्ट उघडली! अखेर मिळाली बघा लिफ्ट. मला आत येऊ देईनात, मी जिन्यानं धावलो, तेवढं मात्र चाळिशीतल्या हृदयानं धावलो.

वर डॉक्टरीणबाई हिला विचारताहेत, "काकू, जबड्यात कधीपासून दुखतं?" ही म्हणते, "झाले पाच-सहा महिने. जिना चढला की येतं, थांबलं की जातं." पाच-सहा महिने! मी म्हटलं, "अगं, मला नाही कधी बोललीस!" तर आत नेता नेता ही माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं चाललं होतं ना."

दार बंद झालं. बाहेर मी एकटा, फाइल माझ्याच हातात, तीन महिन्यांत पहिल्यांदा. जड होती हो. काय काय जमा करून ठेवलं होतं मी त्यात!

दोन तास. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत, नळी जवळजवळ बंदच होती. उघडलीय. ठीक आहेत काकू." वेळेवर? कुणी आणलं वेळेवर? फडक्यानं आणलं! आणि मग मी जो फुटलो! म्हटलं, "तीन महिने ही बाई तुमच्या समोर बसलीय! तुमच्या संशोधनात तिची नोंद आहे! आठ पानी फॉर्म भरून दिलाय! काय केलंत त्या फॉर्मचं? काढा तो फॉर्म! हलगर्जीपणा कुणाचा ते मला लेखी पाहिजे, आत्ता, इथं, तारखेनिशी!"

सोसायटीत टेबल मांडलेली ती मुलगी तिथंच होती, ती धावत गेली आणि फॉर्म घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मला विचारलं, "काका, 'निरंक' म्हणजे काय हो?"

म्हटलं, "कचेरीतला शब्द आहे. महिन्याच्या विवरणात एखाद्या रकान्यात कळवण्यासारखं काही नसलं की लिहायचं, निरंक."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि फॉर्म माझ्यापुढं धरला. छातीत दुखतं का? निरंक. धाप लागते का? निरंक. जबडा, खांदा, पाठ? निरंक. थकवा? निरंक. आठ पानं! काळ्या शाईत! एक खाडाखोड नाही! असं अक्षर आता बघायला मिळत नाही!

"हे काकूंना विचारून लिहिलंत?"

आता काय सांगू? चौतीस वर्षं दर महिन्याला लिहिलं, कधी कुठल्या टेबलाला जाऊन विचारलं नाही. निरंक लिहायला कुणाला विचारावं लागत नाही, तीच तर त्या शब्दाची सोय! ती आत भांडी लावत होती... दहा पावलांवर...

तरीसुद्धा मी म्हणतो, त्यांनी विचारायला हवं होतं! माझं म्हणणं आजही तेच आहे! बाई समोर बसलीय, घामाघूम होतेय, आणि तुम्ही कागद बघता? कागदावर नाही म्हणजे नाहीच का? हेच मी त्यांना म्हणायला तोंड उघडलं, आणि एकदम आठवलं की हे वाक्य मी पाठ होईस्तोवर ऐकलंय. कचेरीच्या खिडकीपलीकडून लोक मला म्हणायचे. मी त्यांना काय उत्तर द्यायचो, ते नका विचारू.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, काका." आणि त्या वेळी, खरं सांगतो, मी रागावलेलोच नव्हतो.

राग नंतर आला, परवा. ती मुलगी घरी आली, सहा महिन्यांचे पुढचे फॉर्म घेऊन, पुन्हा दोन. मी पेन उघडलं. तर ही म्हणाली, "द्या इकडं." म्हटलं, "तुझा तू भर, योग्यच आहे." म्हणाली, "दोन्ही द्या."

तिनं तिचा भरला. पुरवणी जोडली! मी डोकावलो, तर 'त्रास कशानं वाढतो' याला दीड पान. मग माझा घेतला, आणि पेन जे सुटलं ते थांबेचना, वरून खाली, वरून खाली. म्हटलं, "अगं, विचार तरी! माझा गुडघा, माझी झोप, डाव्या कुशीवर झालो की ठोका चुकतो..."

"ह्या वयात चुकणारच. सही करा."

बघितलं तर आठही पानं, सगळे रकाने, निरंक! वाकड्यातिकड्या अक्षरात! असा संताप आला मला, तुम्हाला सांगतो, टेबलावर मूठ आपटणार, एवढ्यात शेवटच्या पानावर नजर गेली. 'राग येतो का?' तिथंही तिनं तेच लिहिलंय. आता लेखीच आहे म्हटल्यावर काय करणार? केली सही.