बाकड्यावरनं तीनदा बेळगाव

—बसा की ताई, रुमाल बघून उभ्या राहू नका, माझाच हाय तो. जागा धरायला टाकलाय. बसा, त्याच्यावरच बसा, मी सरकते हिकडं. लोक गाडीतल्या शीटवर रुमाल टाकतात, मी बाकड्यावर टाकते — हसताय काय, नळापातूर जाऊन यायचं म्हटलं तरी हितली जागा जाती. वर पंखा, समोर विजापूरची गाडी लागती, बाजूला चौकशीची खिडकी. अख्ख्या कोल्हापूरच्या स्टँडात असला बाक न्हाय, मला इचारा. ती पाठीवरची पिशवी उतरवा पयली, बघूनच माझा खांदा दुखाय लागला. एकट्याच? एकट्याच फिरताय? — न्हाय, नावं ठेवत न्हाय हां मी, मी बी एकटीच फिरते. व्हय! महिन्यातनं एक दिवस. असं बघू नका. हातात वायरची पिशवी हाय म्हणून काय झालं?

बेळगाव तीनदा झालं माझं. सोलापूर दोनदा. सातारा एकदाच — आमच्या क्रांतीला पटलं न्हाय, डोंगर तर जोतिबाला बी हाय म्हणाली. लेक माझी, चार वर्षांची. तुमचं कसं हो, दुसऱ्यांदा गेल्यावर शहर बदलल्यासारखं वाटतं का न्हाय? मला तर लईच वाटतं. पयलं बेळगाव एकदम गोड, रस्त्यानं नुसता तुपाचा वास. दुसरं बेळगाव थंडगार, सकाळी स्वेटर घालावा असं. तिसरं महाग, साडीला हात लावू देत न्हाईत. आणि किल्ल्याचा खंदक — पयल्या येळी पाण्यानं भरलेला, दुसऱ्या येळी खडखडीत. घरात सांगाय लागले तर आमच्या आत्ती, म्हंजे सासूबाई, तानाबाई नाव, जेवता जेवता थांबल्या. ‘आगं, गेल्या येळी पाणी हुतं म्हणालीस की.’ म्हटलं, आत्ती, उन्हाळ्यात आटतंय ते. ‘श्रावण चाललाय गं प्रेरणा,’ म्हणाल्या आणि भाकरी मोडली. शहर बदलत न्हाय हो ताई, सांगणारा बदलतो. पयलं बेळगाव एका मिठाईवाल्याचं हुतं, दुसरं नर्सिंगच्या पोरीचं, तिसरं लग्नाचा बस्ता बांधून आलेल्या एका बाईचं — हां. आता गेलंच तोंडातनं. जाऊ दे, तुमी कुठं आमच्या गल्लीत येताय. मी गेलेलीच न्हाय. बेळगावला न्हाय, सोलापूरला न्हाय, कागलच्या पुढं कुठंच न्हाय. हितंच बसते. बाकावर येईल त्याला इचारते, पावणं, कुठनं आला? काय बघितलं? आणि दिवे लागल्यावर तेवढं शहर घरात घेऊन जाते.

आता म्हणाल, असली अवदसा का आठवली? माझी कुठली, आत्तींची. क्रांती जन्मली तवा एवढीशी, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली हुती. बाहेरच्या अंगाला मला एक स्टूल. काचेतनं बघत बसायचं, पोट वरखाली हुतंय का. तिला काचेतनं बाहेर काढली, मला कुणी काढलंच न्हाय बघा. झोपली की मी नाकाखाली बोट धरणार, ती दचकून उठणार, रडणार — आणि मीच म्हणणार, पोरीला झोप लागत न्हाय, दवाखान्यात न्या! डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत हाय, तुमचं बीपी बघू. अंगणवाडीत घातली तर मी खिडकीला. आत पोरं गाणं म्हणत्यात, बाहेर मी म्हणते, हातवाऱ्यांसकट. बाई म्हणाल्या, ‘वहिनी, पटावर तुमचंच नाव घालू का? खिचडी तरी मिळंल.’ आणि पोरगी काय करती? खिडकीत आई दिसती तवर जागचं हलत न्हाय, भरवल्याशिवाय घास घेत न्हाय. तवा आत्तींनी फर्मान काढलं. ‘महिन्यातनं एक दिवस तू गावात दिसायची न्हाईस. घरात ठेवली तर दाराआडनं बघशील, माहेरी धाडली तर घटकंघटकंला फोन करशील. फोन हितं ठेव आणि एष्टीत बस. बायकांना हाफ तिकीट हाय, एखादं शहर बघून ये.’ लोकांच्या सासवा सुनंला कोंडून घालतात, माझी मला हाकलून घालती. कुणापाशी गाऱ्हाणं सांगायचीबी सोय न्हाय.

पयल्या दिवशी बसले की गाडीत! बेळगावचं तिकीट काढून बसले. उचगाव गेलं, गोकुळ शिरगाव गेलं, आणि डोक्यात आलं, फडताळात खालच्या डब्यात शेंगदाणे हायत. पोरीनं नाकात घातला तर? उठले, म्हटलं गाडी थांबवा. कंडक्टर म्हणतो, ‘काय विसरलं काय?’ म्हटलं, पोरगी. तो बिचारा वाकून शीटखाली बघाय लागला! कागलला उतरले. आमचं हे तिथल्याच एमआयडीसीत कामाला — नेमके दिसले तर? तोंडावर पदर घेऊन उलटी गाडी धरली. पर घरात कुठल्या तोंडानं जायचं? मग हा बाक, आणि शेजारी तो मिठाईवाला. दुसऱ्या खेपेला कागलबी न्हाय. गाडी लागली, रुमाल सापडंना, म्हणून खिडकीतनं क्रांतीची लाल कानटोपी टाकून शीट धरली — तिची एक कानटोपी पिशवीत असतीच माझ्या, वास घ्यायला, काय सांगू तुमाला — आणि दाराशी गेले तर पाय उचलंना. पायरीवर उचलंना म्हंजे उचलंना. मागचा ढकलाय लागला, पुढं मी खांब धरलेला. बाजूला झाले. गाडी गेली की हो! शीट रिकामी, शीटवर कानटोपी. आमच्या घरातनं बेळगावला कोण जाऊन आलंय म्हणाल तर ती कानटोपी. जाऊन आली कुठली, गेली ती गेलीच. घरात म्हटलं, बेळगावात राहिली. खोटं बोलले का मी? वर बेळगावची मिठाई म्हणून कुंदा न्यायचा, ह्या बाहेरच्या कोपऱ्यावरनं. खोक्यावरचं कोल्हापूर नखानं खरडायचं.

आणि गंमत बघा — गंमत कसली, जीव जळतो माझा — मी नसले की पोरगी आपल्या हातानं जेवती. पयल्या बेळगावाला अर्धी भाकरी खाल्ली. पयल्या सोलापूरला आपली आपण चप्पल घालून अंगणवाडीत गेली, मागं वळून बघितलंबी न्हाय म्हणे. मी हितं शेंगदाणा नाकात गेला का इचार करतीया आणि ती तिथं गाणं म्हणून दाखवतीया. म्हंजे मी बेळगावला गेले काय आणि बाकड्यावर बसले काय, पोरीचं काय अडत न्हाय. एवढ्यावर भागलं असतं बघा. पर रात्री ती मांडीवर येऊन बसती. ‘आई, आज काय बघितलंस?’ डोळे एवढाले करून. मग मला बी चेव येतो. बस्तावाल्या बाईंनीच सांगितलं हुतं, विजापूरच्या गोलघुमटात हाक मारली की परत परत येती. पुस्तकात चित्र हुतं आमच्या, मी सातवीपातूर शिकलीया, तेवढं आठवलं आणि ह्या महिन्याला तिथंच जाणार म्हणून घरात सांगून बसले. तर काल बघते, पोरगी मोठ्या पातेल्यात डोकं घालून आपलंच नाव ओरडतीया — क्रांतीऽऽ! मान वर करून म्हणती, ‘ह्यात एकदाच येतंय आई. तू घुमटात माझं नाव घे. किती येळा परत येतंय मोजून ये.’ मोजून ये! अंगणवाडीत समद्यांना सांगून बसलीया, माझी आई माझ्या नावानं हाक मारणार.

म्हणून तर तुमाला बसवलं, खरं सांगते. मघाशी खिडकीवर तुमी राधानगरीची गाडी इचारत हुता, परवा विजापुरात हुते म्हणालात, मी कान लावून ऐकलं आणि ह्यो अर्धा बाक मोकळा केला. तुमी मारली व्हय हाक? स्वतःच्या नावानं? आणि मोजलं?... थांबा, मी सांगा म्हणते तवा सांगा. आकडा कळला की झालं माझं. दिवसभर बसायचं, दिवे लागले की घरी. ती समोर उभी हाय ना लाल गाडी, तीच विजापूरची. ड्रायव्हर चहाला गेलाय. तीत बसलं तर यायला रात्र हुणार, पोरगी झोपायच्या येळंला मी न्हाय, फोन न्हाय — तिच्या नाकाखाली बोट कोण धरणार? आत्ती धरतील? आत्तींना असलं काय सुचत न्हाय. आज तर काय केलं ठाऊक हाय? निघताना हातावर दही ठेवलं. आजपातूर कधी ठेवलं न्हाय हां, लांबच्या गावाला जाणाऱ्याच्या हातावर ठेवतात ते. तीनदा बेळगाव, दोनदा सोलापूर, एकदाबी न्हाय. आणि आज दही. वर म्हणाल्या, ‘आज कुंदा आणू नको गं, कोपऱ्यावरचा खाऊन खाऊन कंटाळा आला.’

कोपऱ्यावरचा.

कोपऱ्यावरचा म्हणाल्या त्या. व्हय की हो... सकाळपासनं हे माझ्या टाळक्यात शिरलंच न्हाय. म्हातारीला ठाऊक हाय! खंदकातल्या पाण्यापासनं ठाऊक हाय! आणि तरी दर महिन्याला डबा बांधून देत हुती, आणि जेवताना समोर बसून इचारत हुती, ‘मग, कसं हाय बेळगाव?’ आणि मी आपली सांगतीया, थंड हाय आत्ती, स्वेटर लागतोय! कुठं तोंड लपवू आता. बाकड्यावर बसणारणीला कशाला दही घालतीया ती? आज घातलं — म्हंजे आज —

आला का ड्रायव्हर? आला. बघा की, आता लोक चढाय लागले. न्हाय न्हाय, तुमी कशाला तोंड उघडताय, एवढा येळ गप बसलात ते बरं हुतं की! आकडा सांगू नका. बोटंबी वर करू नका ताई, मूठ मिटा, मिटा म्हणते ना. आणि उठा जरा, तुमच्याखाली रुमाल हाय माझा — शीट धरायचीय.