रव्याच्या लाडवावरचे तीन बेदाणे

...नाही नाही, माझा कुणावर संशय नाही! पण तुम्हाला सांगतो, बावीस बिऱ्हाडांची आमची लालबागची चाळ, त्यात एक माणूस सरळ असेल तर शप्पथ! अहो, नरकचतुर्दशीला आंघोळ करून बाहेर येतो तर काय... आमचा कुत्रा गॅलरीत आडवा! ओकतोय, थरथरतोय, डोळे पांढरे!

कुत्र्याचं नाव कारवार. हसू नका! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या दिवशी जिन्याखाली सापडला, ठेवलं नाव. आता जेवायला हाक मारायची सोय नाही, मी "कारवाऽर!" म्हटलं की वरच्या मजल्यावरून सगळे ओरडतात, "मिळालंच पाहिजे!"... जाऊ दे.

गोणपाटात गुंडाळला, परळला गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणतो, "काय घातलंत?" म्हटलं, भाकरी. "भाकरीनं असं होतं? फराळ घातलाय याला! तूप, साखर, बेदाणे... कुत्र्याला विष आहे ते! आज वाचला. पुन्हा खाल्लं तर माझ्या हातात काही नाही!" मूलबाळ नाही हो आम्हाला, जे काय आहे ते हेच.

मग घातलं कुणी? माझा कुणावर संशय नाही, पण शेजारची कमळाबाई! येता-जाता त्याला "यू यू" करते, ते कशाला? विचारलं तर म्हणते, "माका काय इचारतास, नानानू? माज्यो करंज्यो माज्याच पोरांका पुरनत नाय!" इतकं पटकन उत्तर? म्हणजे तयारच ठेवलेलं! समोरचा आनंदा मला बघून शीळ घालायला लागला. निर्दोष माणूस शीळ घालतो कधी?

पाडव्याला गिरणी बंद. बसलो पाण्याच्या पिंपामागे दबा धरून. संशय नाही, पण खात्री करावी की नाही माणसानं? तासाभरानं कोपऱ्यातल्या गणपतचं दार किलकिलं झालं... हात बाहेर आला... हातात लाडू! आणि कारवार शेपूट हलवत पुढे! घातली झडप! "खुन्या, सापडलास!" म्हणून लाडू वर धरला आणि... अहो, लाडवावर तीन बेदाणे. त्रिकोणात.

सबंध चाळीत तीन बेदाणे त्रिकोणात बसवणारी बाई एकच... आमची कौसल्या! घरटी पाच-पाच लाडू, ताटं मीच पोचवलेली!

गणपत हळूच म्हणतो, "नाना, रागावू नको रे. वहिनी मायेनं धाडतात, टाकवत नाय. पण गेल्या दिवाळीला दाढ गेली माझी... पाक फार कडक होतो रे!" मागून कमळाबाई, "माका वाटला, एकान काय होता?" आनंदा, "मी पण एकच दिला!" एकवीस बिऱ्हाडं, एकेकच लाडू!

आता कौसल्येला सांगू? चार दिवस पाकाशी झुंजली बिचारी. म्हणते, "बघितलंत? कुणी नाव नाही ठेवलं हो यंदा!" डोळ्यांत पाणी तिच्या. सांगा, कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून हात जोडले सगळ्यांना, कुत्र्याला घालू नका. म्हणाले, मग उरलेले घालायचे कुणाला? म्हटलं... मला.

तेव्हापासून गिरणीतून आलो की दारं किलकिली होतात, लाडू पुढे येतात. दोन दाढा हलताहेत. कारवार लांबून बघत बसतो. आणि काल कमळाबाई... माझा संशय नाही, सवयीनं निघालं असेल तोंडातून... लाडू पुढे धरून म्हणते कशी, "यू यू!"

आणि मी गेलो हो!